पुण्याची विद्यास्थाने : एक परिक्रमा
(व्याख्यानाचा मजकूर)



पुण्यास गेलेला प्रवासी शनिवारवाडा पाहतो, तुळशीबागेत खरेदी करतो आणि परततो. परंतु हे शहर विद्येच्या वाटेने पाहावयाचे असेल, तर आरंभ विश्रामबागवाड्यापासून करावा. पेशवाईच्या अस्तानंतर, 1821 मध्ये, पेशव्यांच्या दक्षिणा निधीतील रकमेवर या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पंडितांना वाटल्या जाणाऱ्या द्रव्यातून अशा रीतीने विद्यादान घडू लागले.

शिवाजीनगरातील अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 चे. बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी हवे होते, एवढाच मूळ हेतू. पुढे तेथूनच विश्वेश्वरय्या घडले. 1885 चे फर्ग्युसन सर्वपरिचित आहे.

येरवड्याचे डेक्कन कॉलेज मात्र घाईने पाहू नये. विश्रामबागवाड्यातील पाठशाळेचाच तो वारसा. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या साहाय्याने 1868 मध्ये ती दगडी वास्तू सिद्ध झाली. टिळक आणि आगरकर यांचा स्नेह येथेच जुळला. 1934 मध्ये सरकारने ते कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. विद्येसाठी दिलेल्या दानाचा हेतू सरकारलाही मोडता येणार नाही, या भूमिकेतून ते न्यायालयात गेले आणि 1939 मध्ये संशोधन संस्थेच्या रूपाने दारे पुन्हा उघडली. विश्वस्तनिधी सांभाळणाऱ्या कोणासही हा प्रसंग विसरता येणार नाही! तेथेच 1948 पासून संस्कृत महाकोशाचे कार्य चालू आहे. सुमारे 1500 ग्रंथांतून टिपलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या खणाखणांतून रचलेल्या आहेत. व्यापाऱ्याच्या वह्यांनाही लाजवील अशी ती व्यवस्था!

गणेशखिंडीत एकेकाळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर राहत. 1949 मध्ये तेथे विद्यापीठ आले. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. 2014 मध्ये त्यास सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. 1848 मध्ये मुलींना शिकविताना ज्यांनी शेणमाती झेलली, त्यांचे नाव गव्हर्नरांच्या प्रासादास लाभावे, हे उशिरा का होईना, उचितच झाले. महर्षी कर्वे यांच्या 1916 च्या महिला विद्यापीठास 1920 मध्ये 15 लाखांचे दान देणारे सर विठ्ठलदास ठाकरसी कापड गिरण्यांचे मालक होते. विद्यापीठास नाव मात्र त्यांनी आपल्या मातोश्रींचे दिले.

अखेरीस भांडारकर संस्थेत जावे. डेक्कन कॉलेजातील शासकीय हस्तलिखिते 1918 मध्ये तेथे आली. त्यांत जैन ग्रंथ विपुल आहेत. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केलेल्या त्यांच्या वर्णनात्मक सूचीचे खंड ग्रंथालयात मागून अवश्य पाहावेत.