एका घराच्या आठ पिढ्या

घराण्याचा मागोवा घेण्याचे दोन मार्ग आहेत. एक कागदांचा, मृत्युपत्रें, वाटण्या, जन्ममृत्यूच्या नोंदी यांतून जाणारा. दुसरा वास्तूचा, तुळया, चूल आणि मागाहून जोडलेल्या खोल्या यांतून जाणारा. हे दोन्ही मार्ग एकाच उंबरठ्याशीं येऊन मिळतात अशीं स्थळें थोडीं. अमेरिकेंत बोस्टन शहराजवळ डेडहॅम गांवीं असलेलें फेअरबँक्स घराण्याचें घर हें त्यांपैकीं एक होय.

या घराण्याचा मूळपुरुष जोनाथन फेअरबँक्स हा इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचा. पत्नी ग्रेस व मुलें यांसह तो १६३३ च्या सुमारास बोस्टनला आला आणि थोड्याच वर्षांत डेडहॅमच्या पहिल्या वसाहतकऱ्यांत सामील झाला. गांवाचें नांव ‘संतोष’ या अर्थाचें असावें अशी त्या धर्मनिष्ठ मंडळींची इच्छा होती. वसाहतीच्या सभेनें त्यांना १६३६ सालीं जमीन दिली खरी. परंतु ती मुळांत बेवारस नव्हती. ज्या मॅसॅच्युसेट लोकांवरून त्या प्रांताला नांव पडलें, त्यांची ती पिढीजात भूमि होती. या विरोधाची झळ फेअरबँक्स कुळासही लागली. मूळ रहिवासी व वसाहतकरी यांच्या युद्धांत १६७६ सालीं लँकेस्टर गांवावर हल्ला झाला, त्यांत जोनाथनचा मुलगा जोनास व नातू जोशुआ हे दोघेही मारले गेले.

मूळ घर साधेंच होतें. मध्यें विटांचें मोठें धुराडें, त्याच्या दोहों अंगांस एकेक खोली आणि वर माडी. तें १६३६ सालीं बांधलें असें घराण्यांत पूर्वापार सांगत. पुढें शास्त्रज्ञांनीं तुळयांनाच साक्षीस बोलाविलें. झाडाच्या खोडांत दरवर्षीं एक कडें वाढतें. अनुकूल वर्षीं तें रुंद होतें, प्रतिकूल वर्षीं अरुंद. कड्यांचा हा क्रम त्या प्रदेशांतील ज्ञात क्रमाशीं ताडून पाहिला म्हणजे झाड कोणत्या वर्षीं तोडलें हें कळतें. त्यावरून येथील लाकूड १६३७ ते १६४१ या काळांतलें ठरलें. घरचा सांगावा चारदोन वर्षांनींच चुकला होता! उत्तर अमेरिकेंत आज उभ्या असलेल्या लांकडी सांगाड्याच्या घरांत, या कसोटीस उतरलेलें हें सर्वांत जुनें घर होय.

जोनाथन १६६८ सालीं वारला व घर वडील मुलगा जॉन याजकडे गेलें. इतर शाखा दूरवर पांगल्या आणि नांवारूपास आल्या. मालाचें वजन करण्याचा मंचाचा काटा ज्यानें १८३१ सालीं आपल्या नांवें नोंदविला, तो थॅडियस फेअरबँक्स याच कुळांतला. १९०५ ते १९०९ या काळांत अमेरिकेचे उपाध्यक्ष असलेले चार्ल्स फेअरबँक्स हेही त्यांतलेच. मागें राहिलेल्या शाखेच्या वांट्यास शेती आली, आणि एकदां तर कलंकही. या घरांतल्या जेसन नांवाच्या तरुणास एलिझाबेथ फेल्स हिच्या खुनाबद्दल १८०१ सालीं फांशीं दिलें गेलें. तरीही कुटुंब घर सोडून गेलें नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पैसा आला कीं माणूस जुनें घर पाडून नवें बांधतो. या घरांतल्या लोकांनीं गरज पडेल तशी मागें पडवी काढली, बाजूस खोल्या जोडल्या, पण मूळ सांगाड्यास हात लावला नाहीं. वैभवानें जें राखलें नसतें, तें बेताच्या परिस्थितीनें राखलें.

घराच्या शेवटच्या रहिवासी रिबेकाबाई. त्या अविवाहित होत्या व उतारवयांत एकट्याच राहत. ओढगस्तीमुळें १८९० नंतरच्या दशकांत त्यांना घर विकावें लागलें. तें नाहींसें होण्याचा प्रसंग आला, तेव्हां बोस्टनच्या कॉडमन नांवाच्या मायलेकींनीं तें विकत घेऊन वांचविलें. योगायोग असा कीं, याच सुमारास, १८९७ सालीं, कुळाची विस्तृत वंशावळ छापून प्रसिद्ध झाली व दूरदूरच्या शाखांना एकमेकींची ओळख पटली. त्या वंशजांनीं संघ स्थापून घर आपल्याकडे घेतलें. रिबेकाबाईंनीं १९०४ मध्यें उंबरठा ओलांडला आणि आठ पिढ्यांचा संसार तेथें संपला.

आज तें घर संग्रहालय आहे. तेथें येणाऱ्या वंशजांपैकीं बहुतेकांचे पूर्वज फार पूर्वींच घर सोडून गेलेले. घराण्याला कीर्ति मिळवून दिली ती बाहेर पडलेल्यांनीं; परंतु त्यांच्या नातवंडा-पतवंडांना परत यावयास कांहीं ठिकाण उरलें, तें मागें राहिलेल्यांमुळें. वंशावळींत अशा माणसांच्या नांवापुढें बहुधा एखादीच ओळ असते. त्यांचें उरलेलें चरित्र तुळयांत वाचावें लागतें.