ओळख पटणे, ओळख देणे



‘बाजारात समोर आला, पण ओळख दिली नाही,’ असं आपण कोणाबद्दल तरी म्हणतो, तेव्हा त्या बोलण्यात एक दुखावलेपण असतं. समोरच्याला आपली ओळख पटली होती, याची आपल्याला खात्री असते. त्यानं ती चारचौघांत दाखवली नाही, हे लागतं. ओळख पटते ती मनात, आपसूक. ओळख द्यावी लागते ती उघड्यावर, आणि ती द्यायची की नाही हे माणूस स्वतः ठरवतो.

इंग्रजीत या दोन्हींना ‘रेकग्निशन’ हा एकच शब्द पुरतो. तो मूळचा लॅटिन, ‘पुन्हा जाणणे’ या अर्थाचा. त्यातला ‘ग्न’ आणि आपल्या ‘ज्ञान’मधला ‘ज्ञ’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज आहेत. इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्री राजाच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकात, जमिनीचा तंटा उभा राहिला की आसपासच्या माणसांना शपथ घालून विचारत, ही जमीन आजवर कोणाकडे होती? त्या चौकशीलाही हेच नाव होतं.

आपल्याकडे या घराण्यातला एक फार सुंदर शब्द आहे, ‘अभिज्ञान’. ओळखणं हाही त्याचा अर्थ, आणि ज्यावरून ओळख पटते ती खूण हाही. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हनुमान सीतेला रामाचं नाव कोरलेली अंगठी देतो, सीता पदराच्या गाठीतला चूडामणी काढून त्याच्या हाती ठेवते. एवढ्या खुणा खरं तर पुऱ्या होत्या. पण चूडामणी देण्याआधीच सीता आणखी एक खूण सांगते, आणि तीच तिला सर्वांत श्रेष्ठ वाटते. चित्रकूटावर एक कावळा तिला चोच मारून रक्तबंबाळ करत होता, तेव्हा रामानं दर्भाची काडी मंत्रून त्याच्यावर सोडली होती, ती हकीकत. शिवाय एकदा तिचा तिलक पुसला गेला, तेव्हा रामानं मनशिळेचा तिलक तिच्या गालावर रेखला होता, त्याचीही आठवण ती करून देते. दागिना चोरीला जाऊ शकतो, रावणही तो हिसकावून घेऊ शकतो. दोघांच्या सहवासातला असा क्षण तिसऱ्याच्या हाती लागत नाही. सुंदरकांडातली ही जागा मला सगळ्या युद्धवर्णनांपेक्षा मोठी वाटते.

हीच युक्ती कालिदासाची शकुंतलाही करून पाहते. नाटकाच्या पाचव्या अंकात ती दुष्यंत राजाच्या दरबारात उभी आहे, पोटात त्याचं मूल आहे आणि बोटात त्यानं दिलेली अंगठी नाही. अंगठी शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. मग ती राजाला एक आठवण सांगते. लतामंडपात कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होतं. दीर्घापांग नावाचं पाडस तुमच्या हातून ते पीत नव्हतं, माझ्या हातून प्यालं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात की, ज्याचा त्याचा विश्वास आपल्या माणसावरच बसतो. इतकी बारीक, इतकी खरी आठवण! दुष्यंतावर तिचा काही परिणाम होत नाही. उलट, बायकांच्या अशा गोड बोलण्याला भुलणारे भुलतात, असं तो तिला ऐकवतो. पुढे रोहित माशाच्या पोटात अंगठी सापडते, कोळ्याला चोर समजून हात बांधून आणतात, आणि सोनं पाहिल्यावर राजाला सगळं आठवतं.

कालिदासानं राजाची बाजू सावरली, दुर्वास ऋषींचा विस्मृतीचा शाप मध्ये घातला. महाभारतातल्या मूळ कथेत ना शाप आहे, ना अंगठी. आदिपर्वातल्या दुष्यंताला सगळं आठवत असतं, आणि तरी तो भर सभेत म्हणतो, मला काही आठवत नाही. ती शकुंतलाही निराळी आहे. ती रडत बसत नाही. पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, सत्य म्हणजे काय, हे ती त्याला खडसावून सांगते आणि निघते. तेव्हा आकाशवाणी होते, हा पुत्र तुझाच आहे, याचं भरण कर. त्यावरूनच मुलाचं नाव भरत. मग राजा म्हणतो, मलाही हे ठाऊक होतं, पण नुसत्या हिच्या शब्दावर स्वीकारलं असतं तर लोकांनी संशय घेतला असता.

मला ही कथा कालिदासाच्या नाटकाहून अधिक बोचते. शापामुळे विसरलेल्या माणसाला क्षमा करता येते. इथं ओळख पटलेली होती, द्यायची नव्हती. शकुंतलेला प्रेमाची आठवण नको होती. तिला मान्यता हवी होती, स्वतःच्या लग्नाला आणि मुलाच्या हक्काला. तिच्या शब्दाला सभेत किंमत नव्हती, म्हणून आकाशाला साक्ष द्यावी लागली.

आज ही किंमत थोडी वाढली आहे. अविवाहित आईला मुलाच्या वडिलांचं नाव उघड न करता पालकत्व मागता येईल, असा निर्णय 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांत लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. आईचं नाव आता वडिलांच्या आधी येतं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण एकटी आई मुलाच्या दाखल्यासाठी खिडकीशी उभी राहिली, की आतून पहिला प्रश्न अजूनही ‘वडिलांचं नाव?’ असाच येऊ शकतो. कागदावर दिलेली ओळख त्या खिडकीतल्या माणसानंही दिली पाहिजे, तिच्याकडे दुसरी कसलीही खूण न मागता.