नौकेचा पंखा : डागडुजी की बदल?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण, ऐक्य किंवा काटकसर यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही काटकसरीवरच बोलणार आहोत. परंतु ती फसलेल्या काटकसरीची कथा आहे. समोरच्या टेबलावर दोन मुलांनी उचलून आणून ठेवलेली ही पितळी वस्तू आपण सर्वजण ओळखता. हा नौकेचा पंखा आहे. तीन पात्यांचा हा पंखा आमचे धाकटे बंधू यांच्या नौकेस होता, आणि त्याच्या बाबतीत जी चूक घडली ती त्यांची नव्हे, आमची होय.

२०१४ सालच्या ऑक्टोबरात खाडीच्या मुखाबाहेर पाण्याखालच्या खडकावर पंखा आपटला आणि एक पाते वाकले. नवा पंखा घ्यावा, की हाच नीट करावा, असा प्रश्न बंधूंस पडला. घरात शिकलेले आम्ही, म्हणून ते आमच्याकडे आले. आम्ही आयुष्यभर मुलांस गणित शिकविले; परंतु त्या दिवशी आम्ही एकच हिशेब केला, तो रुपयांचा. "पाते ठोकून सरळ होईल, उगाच खर्च कशास?" असे आम्ही सांगितले. एका कारखान्यात पाते तापवून ठोकले, मुळाशी गेलेल्या तड्यास वेल्डिंगचा डाग दिला आणि पंखा घासून लखलखीत केला. नौकेवरील वृद्ध तांडेलांनी त्यावर हात फिरवून म्हटले, "गुरुजी, पंखो डोळ्यांक बरो दिसता, पण पाण्याक नाय." आम्ही हसलो. ते हसणे आम्हांस आजही सलते.

तांडेलांस जे हातास कळले, ते आम्हांस पुढे पुस्तकांतून व कारागिरांकडून कळले. पंखा म्हणजे पाण्यात फिरणारा स्क्रू होय. स्क्रू एका फेऱ्यात लाकडात जेवढा आत शिरतो, तेवढ्या अंतरास पिच म्हणतात. पंख्याच्या तुंब्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला बहुधा व्यासाचा व दुसरा पिचचा. समजा, पिच १८ इंच आहे आणि दांडा मिनिटास ६०० फेरे घेतो. तर पंख्याने मिनिटास ९०० फूट, म्हणजे तासास ५४,००० फूट, सुमारे ९ सागरी मैल जावयास हवे. पाणी लाकडासारखे घट्ट नसल्यामुळे नौका त्याहून बरीच कमी जाते. ती तूट स्वाभाविक आहे. परंतु तिन्ही पात्यांचे पिच सारखे असेल तरच तिन्ही पाती सारखा भार उचलतील. एक पाते निराळे झाले की दांड्यास प्रत्येक फेऱ्यात एका बाजूस धक्का बसतो. मिनिटास सहाशे धक्के, तर तासास छत्तीस हजार.

आमच्या बंधूंच्या नौकेत हेच घडले. आठव्या रात्री, किनाऱ्यापासून दूर, दांड्याच्या थरथरीने ग्लँडचे पॅकिंग जळाले आणि इंजिनाच्या खणात पाणी भरू लागले. इंजिन बंद पडले. तांडेल धरून सहा माणसे पहाटेपर्यंत बादल्यांनी पाणी उपशीत होती. ज्ञातीतीलच दुसरी नौका जवळ आली व तिने दोर टाकला, म्हणून सहाही जण घरी परतले. वारा पडलेला होता, हे ईश्वराचे उपकार. पुढे पंखा मोजला, तेव्हा ठोकलेल्या पात्याचे पिच इतरांहून दोन इंच कमी भरले, आणि मुळाशी दिलेल्या डागाशेजारी नवा तडा दिसला. दांडा, बुश, ग्लँड आणि अखेर नवा पंखाही घ्यावा लागला. हंगामाचा एक महिना गेला तो निराळाच. बंधूंनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

तेव्हा डागडुजी कोठवर करावी? पात्याच्या कडेस बारीक खाचा पडल्या असतील तर त्या कानशीने गुळगुळीत कराव्यात. टोकाजवळ पाते वाकले असेल तर जाणत्या कारागिराकडून बेताने तापवून सरळ करता येते. मात्र त्यानंतर प्रत्येक पात्याचे पिच मापून पाहावे व पंख्याचा तोल तपासावा. आडव्या दांड्यावर अलगद फिरता ठेवला असता जे पाते पुनःपुन्हा खाली येऊन थांबते, ते जड समजावे. परंतु पात्याच्या मुळाशी, म्हणजे त्रिज्येच्या आतल्या सुमारे ४० टक्के भागात तडा असेल, तर गावठी डागावर विश्वासू नये. सर्व भार तेथेच येतो.

तडा ओळखण्याची साधी युक्ती अशी. पाते स्वच्छ करून रॉकेल लावावे, पुसून कोरडे करावे व वर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास आत मुरलेले रॉकेल पुडीवर काळसर रेघ उमटविते. दुसरी परीक्षा रंगाची व नादाची. आपले बहुतेक पंखे तांबे व जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. खाऱ्या पाण्याने त्यातील जस्त खाल्ले गेले की धातू तांबूस व ठिसूळ होतो, आणि ठोकले असता घंटेसारखा न वाजता बद्द वाजतो. असा पंखा दुरुस्तीस नेऊच नये. तो मोडीत घालावा. हे टळावे म्हणून जस्ताच्या वड्या लावतात. त्या स्वतः झिजून पंख्यास वाचवितात. त्यांवर रंग फासू नये.

पंखा काढताना पात्यांवर घण घालणे हा आपल्याकडील जुना दोष. नट थोडा सैल करून दांड्यावरच ठेवावा, म्हणजे पंखा अचानक सुटून कोणाच्या पायावर पडणार नाही. आणि ओढण्यासाठी पुलर वापरावा. नवा बसविताना दांड्याचे निमुळते टोक स्वच्छ करून, निळा रंग लावून, तुंबा सर्वत्र टेकतो की नाही ते आधी चावीवाचून पाहावे. चावी वरून दाबली जाऊन तुंबा अधांतरी राहिला, तर नट कितीही आवळला तरी व्यर्थ. खडकावर आपटलेल्या नौकेचा दांडा वाकला आहे काय, हेही त्याच वेळी तपासावे.

इतिहासात एक मौजेची गोष्ट आहे. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ साली पंख्याचे पेटंट घेतले. त्याचा लाकडी पंखा दोन पूर्ण वेढ्यांचा होता. १८३७ च्या फेब्रुवारीत तो मोडून एकच वेढा उरला, आणि नौका पूर्वीपेक्षा जलद धावू लागली! मोडका पंखा दर वेळी असा उपकार करील, असे कोणी समजू नये. बोध इतकाच की, स्मिथने वेगाकडे लक्ष दिले म्हणून त्यास फरक कळला. आम्ही पंख्याची चकाकी पाहिली. माप घेतले नाही.

विजयदुर्गानजीक वाघोटन खाडीच्या काठी आंग्र्यांच्या काळातील गोदी आजही पाहावयास मिळते. गलबत वेळेवर वर घेऊन तळ तपासावा, हे शहाणपण या किनाऱ्यास नवे नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात आपल्या नौका शाकारलेल्या असतात. पंख्याच्या तपासणीस याहून चांगला काळ कोणता?

म्हणून मंडळापुढे आमची तीन नम्र मागणी आहेत. प्रत्येक नौकेच्या पंख्याचा व्यास, पिच व दांड्याचे माप यांची नोंदवही मंडळाने ठेवावी. पिच मापण्याचे साधन व तोल पाहण्याची घोडी वर्गणीतून घ्यावी आणि ती बंदरावर सर्वांस खुली असावी. तिसरे, आपल्या तरुणांपैकी दोघांस हे काम रीतसर शिकण्यास पाठवावे. त्यासाठी लागणाऱ्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातून पहिली वर्गणी आम्ही आज येथेच देत आहोत.

हा पंखा आम्ही मोडीत विकला नाही. तो मंडळाच्या कार्यालयात ठेवावा. नव्या मुलांनी त्यावर हात फिरवून वाकडे पाते कोणते ते ओळखावे, आणि ओळखता आले नाही तर मापावे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.