आलेखांतील तरंग : खरे कीं खोटे?

साबणाच्या फुग्यावरील रंग आपण सर्वांनीं पाहिले असतील. पातळ पडद्याच्या दोन्हीं पृष्ठांवरून परतलेले प्रकाशतरंग एकमेकांत मिसळतात. त्यामुळें कांहीं रंग उजळतात, कांहीं मावळतात. कांचेच्या पातळ पत्र्यांतून आरपार जाणाऱ्या प्रकाशाचा आलेखही याच कारणानें नागमोडी येतो.

हा आलेख आतां संगणकावर गणितानेंही काढतां येतो. १९६६ सालीं केन यी यांनीं दाखविलेल्या रीतीनें अवकाशाचे बारीक घन पाडावयाचे आणि प्रकाशाची वाटचाल क्षणाक्षणाला मोजावयाची. परंतु त्या अवकाशाला कोठें तरी कुंपण घालावें लागतें, आणि गणित केव्हां तरी थांबवावें लागतें. कुंपणानें प्रकाश पुरता शोषला नाहीं, तर तो परततो व आलेखावर आपले तरंग उमटवितो. प्रकाश आंत घुमत असतांनाच गणित तोडलें, तरीही तरंग उमटतात.

मग खरे कोणते? एक वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि दोन शिखरांमधील अंतर पाहावें. कांच ०.०२ मिलिमीटर जाड व तिचा वक्रीभवनांक १.५ असेल, तर ६०० नॅनोमीटरच्या आसपास हें अंतर सुमारें ६ नॅनोमीटर येतें. जाडी दुप्पट केली कीं तें निम्मे होतें. कुंपण दूर नेल्यावर शिखरें दाटलीं, तर दोष कुंपणाचा. तेथील शोषक थर जाड करावा. गणित अधिक वेळ चालविल्यानें तरंग मावळले, तर दोष आपल्या घाईचा. या दोन्हीं कसोट्यांना न हलणारे, पण जाडीबरोबर बदलणारे तरंग मात्र कांचेचेच.

आलेख घासून गुळगुळीत करण्याचा मोह येथें फार होतो. तो आवरावा. फ्रेनेलचा तरंगवाद खरा मानला, तर वाटोळ्या चकतीच्या छायेच्या मध्यभागीं प्रकाशबिंदु पडला पाहिजे, असें प्वासोंनें १८१८ च्या सुमारास गणितानें दाखविलें. त्याच्या मतें हा वादाचा धडधडीत फोलपणा होता. आरागोनें प्रयोग केला, तों बिंदु तेथें होता! न आवडलेला बिंदु कोणी गणितांतच पुसला असता, तर तो प्रयोग झालाच नसता. म्हणून तरंग पुसण्यापूर्वीं तो कोणाचा, हें आधीं विचारावें.