मोरिशसच्या ऊसमळ्यातली कोकणची बाई
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आज मी कोणा राणीची किंवा विदुषीची कथा सांगणार नाही. कोकणातून निघून परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या शेतकरी बाईची सांगणार आहे. आपल्यापैकी कितीतरी जणींची घरे रत्नागिरीकडून उठून गिरगाव-परळमार्गे बोरिवलीपर्यंत आली. ती बाई मात्र मुंबई बंदरात शिडाच्या जहाजावर चढली आणि मोरिशसला उतरली.

मोरिशसमध्ये 1835 साली गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसे नेण्यास आरंभ झाला. 1834 ते 1920 या काळात तिथे सुमारे पाच लाख माणसे उतरली. त्यांत बिहार आणि मद्रासकडचे अधिक. मराठी माणसे थोडी, आणि त्यांत भरणा कोकणचा.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर प्रत्येकाची नोंद होई. नाव, बापाचे नाव, वय, गाव, अंगावरची खूण. 1860 नंतरच्या दशकांत फोटोही काढू लागले. ती नोंदबुके आजही तिथे जपून ठेवलेली आहेत आणि तो धक्का 2006 साली जागतिक वारसा ठरला.

पुरुषाला पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपयांच्या आसपास पगार आणि वर तांदूळ-डाळीचा शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापत. अशा पगारात संसार कसा चालावा? तो बाईनेच चालवला. काही बाया कमी मजुरीवर मळ्यात राबत. पुष्कळ जणी झोपडीशेजारी भाजी लावत, शेळी-गाय पाळत, गवताचा भारा डोक्यावरून आणत, दूध विकत. त्या कामाला पगार नव्हता, म्हणून मळ्याच्या हिशेबात ते कामच नव्हते. 1867 साली हिवतापाची मोठी साथ आली, हजारो माणसे दगावली. उरलेल्यांचे शेणपाणी आणि चूल तिने थांबू दिली नाही.

पुढे युरोपात बीटची साखर निघू लागली, भाव घसरले. 1880 च्या सुमारास मळेवाल्यांनी आपल्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले. मजुरांनी ते हप्त्याने घेतले. पै-पै साठवलेल्या त्या पैशांत दुधाचे पैसे होते, आणि वेळप्रसंगी बाईच्या अंगावरची चांदीही होती. अशा रीतीने मजुराचा शेतकरी झाला. खरेदीखतावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे चढले. तशात नुसत्या धर्मविधीने लागलेले लग्न तिथला कायदा मानीत नसे. सरकारदरबारी नोंद नसली, तर नवऱ्यामागे त्याच जमिनीवर बायको म्हणून हक्क सांगणे तिला अवघड जाई.

तरी तिने घर धरले. गणपती सोडला नाही. आपल्या कोकणातली जाखडी तिथे 'झाकरी' झाली आणि आजही गणपतीत नाचली जाते. नातवंडांच्या तोंडी क्रिओल भाषा आली, पण घरात सण मराठीच राहिले.

भगिनींनो, मला राहून राहून एका गोष्टीचा विस्मय वाटतो. परक्या सरकारने मजुरावर ताबा राहावा म्हणून का होईना, त्या बाईचे नाव, बापाचे नाव आणि गाव लिहून ठेवले. तिचे कष्ट मात्र त्या बुकात नाहीत. आपल्या घरात नेमके उलटे आहे. पणजीने कोंडा-कणी खाऊन मुले वाढवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तिचे नाव विचारा, सगळे एकमेकांकडे पाहतात. लग्नात ते बदलले आणि माहेरचे नाव माहेरीच राहिले. मी स्वतः माझ्या पणजीचे नाव मागच्या वर्षी आत्येकडून विचारून घेतले. त्यानंतर चारच महिन्यांनी आत्या गेली. तेव्हा विचारले नसते, तर आज सांगणारे कोणी उरले नसते.

म्हणून एकच विनंती. आज घरी गेल्यावर घरातल्या सर्वांत वडील बाईजवळ बसा. तिच्या आईचे, आजीचे माहेरचे नाव, गाव आणि तिने केलेले काम वहीत लिहून घ्या. पुढच्या वर्धापनदिनी त्या वह्या इथे वाचू. नाव आणि कष्ट, दोन्ही एका पानावर येऊ द्या.