शाळेच्या संगणकासाठी प्रोसेसरची निवड

(सारोळे येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



सारोळे हे पुणे-सातारा महामार्गावरील गाव. नीरा ओलांडली की शिरवळ आणि सातारा जिल्हा. येथून पुण्याच्या बाजारपेठेत जाऊन एका दिवसात परतता येते, हा या भागातील शाळांचा मोठा लाभ होय. पण संगणकाच्या खरेदीत हीच सोय पुष्कळदा नडते. लोकवर्गणीचे पैसे जवळ असतात, दुकान समोर असते, आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीची एस. टी. गाठावयाची असते. अशा घाईत दुकानदार ज्या खोक्यावर हात ठेवील तेच घेऊन शिक्षक परततात. पुढे दोन-तीन वर्षांत ते यंत्र कपाटावर धूळ खात पडते. ज्या शेतकऱ्याने पहिली वर्गणी आनंदाने दिली, तो दुसऱ्या वेळी हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

सुटे भाग जोडून संगणक करवून घ्यावयाचा असेल, तर विचार प्रोसेसरपासून आरंभावा. पडदा, कळफलक, उंदीर ही साधने केव्हाही बदलता येतात. प्रोसेसर मात्र एकदा ठरला की त्याला बसणारा मदरबोर्ड ठरतो, आणि बोर्डाबरोबर मेमरीचा प्रकारही ठरून जातो. तेथे झालेली चूक पुढे एक भाग बदलून सुधारत नाही.

प्रोसेसरच्या जाहिरातीत ‘चार कोअर, आठ थ्रेड’ असे शब्द येतात. शिक्षकाला ते समजण्यास अडचण पडू नये. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा एकेक शिक्षक, आणि थ्रेड म्हणजे त्याच्याकडे सोपविलेला वर्ग. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातील लहान शाळांत एकच शिक्षक जोडवर्ग चालवितो. एका वर्गास लेखन देतो, तोवर दुसऱ्यास पाठ शिकवितो. आधुनिक प्रोसेसरचा कोअर हेच करतो. एका कामात त्याला क्षणभर थांबावे लागले, की तो दुसरे पुढे नेतो. अर्थात दोन जोडवर्ग सांभाळणारा एक शिक्षक म्हणजे दोन शिक्षक नव्हेत, हे या सभेस सांगण्याची गरज नाही.

तर मग शाळेस किती कोअर हवेत? यू-डायस प्लसची माहिती भरणे, शालार्थचे काम, दीक्षावरील पाठ दाखविणे, प्रश्नपत्रिका टंकलिखित करणे, मुलांनी चित्रे काढणे, ही शाळेची कामे होत. यांस चार कोअर व आठ थ्रेड पुरेसे आहेत. २०२२ च्या जानेवारीत आलेला इंटेलचा कोअर आय-३ १२१०० हा नेमका असा आहे. त्याच्या मागून आलेले १३१०० व १४१०० हेही त्याच घडणीचे असून त्याच खाचेत बसतात. यांपैकी जो रास्त भावात मिळेल तो घ्यावा. एएमडीच्या बाजूस २०२१ मधील रायझन ५ ५६००जी हा सहा कोअर व बारा थ्रेडचा प्रोसेसर आहे. त्याची चित्रशक्ती आय-३ पेक्षा सरस आहे. ज्या शाळेस मुलांच्या नाटकांचे, क्षेत्रभेटींचे चित्रीकरण जुळवून चित्रफिती करावयाच्या असतील, तिने तो अवश्य घ्यावा. केवळ पूर्वोक्त कामे असतील तर आय-३ हीच निवड योग्य, कारण त्याचा एकेक कोअर अधिक चपळ आहे आणि रोजच्या कामात ती चपळताच हाताला जाणवते.

येथे अक्षरांकडे बारीक लक्ष पुरवावे लागते. १२१०० आणि १२१००एफ यांत एका ‘एफ’चा फरक, पण एफ असलेल्या प्रोसेसरात चित्र उमटविणारा भागच वापरता येत नाही. तो थोडा स्वस्त मिळतो म्हणून शिक्षक सुखावतात. शाळेत आणून जोडल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळाच राहतो. मग वेगळे ग्राफिक्स कार्ड विकत घ्यावे लागते, आणि वाचविलेल्या पैशांहून कितीतरी अधिक खर्च होतो. एएमडीमध्येही तसेच आहे. ५६००जी चित्र दाखवितो. ५५०० आणि नुसता ५६०० हे स्वतंत्र कार्डावाचून दाखवीत नाहीत.

दुसरा चकवा जुन्या यंत्रांचा. ‘आय-७’ हे नाव ऐकले की खरेदीदार आय-३ कडे पाहतही नाही. परंतु आय-७ ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर. त्यालाही कोअर चार आणि थ्रेड आठच, आणि वेगात तो दहा वर्षांनी आलेल्या आय-३ १२१०० च्या बराच मागे पडतो. इंटेलच्या या मालिकांत शेवटचे तीन अंक सोडून जो आकडा उरतो तो पिढीचा समजावा: ३७७० म्हणजे तिसरी पिढी, ८१०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी वा तिच्यानंतरची पिढी लागते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने यंत्र कोणी देणगी म्हणून दिले तर नाकारू नये. त्यावर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली घालून मुलांचा सराव उत्तम होतो. विकत मात्र घेऊ नये.

हाती असलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खर्च प्रोसेसरवर करू नये. उरलेल्या पैशांतून एसएसडी आणि सोळा जीबी मेमरी घ्यावी, आणि ती एका पट्टीत न घेता आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी; प्रोसेसरमधील चित्रभाग मुख्य मेमरीच वापरतो, त्याला दोन वाटा मिळाल्या की काम सुधारते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, तेव्हा हा हिशेब पुष्कळांचा बिघडला. अशा वेळी आठची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवावी, पण त्यासाठी प्रोसेसर जुन्या पिढीचा करू नये. आय-३ १२१०० हा डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोन्ही प्रकारांच्या मेमरीवर चालतो. बोर्ड मात्र कोणत्या प्रकारचा आहे ते पाहून घ्यावे.

प्रोसेसर मोठा असला म्हणजेच काम मोठे होते, ही समजूत पुण्यातच एकदा खोटी ठरलेली आहे. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला, तो ट्रान्सप्यूटर नावाचे लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र जोडून. एकेकट्याचा वेग बेताचाच. कामाची वाटणी आणि जुळणी नेमकी होती. शाळेच्या लहानशा यंत्रातही प्रोसेसर, मेमरी व एसएसडी यांचा मेळ असाच पाहावा लागतो.

विजेचा विचारही करावयास हवा. पावसाळ्यात या भागातील पुरवठा केव्हा खंडित होईल याचा नेम नसतो. वर सांगितलेल्या प्रोसेसरांची नेमलेली शक्ती साठ-पासष्ट वॅटची आहे, आणि लेखन-वाचनाच्या कामात ती तितकीही लागत नाही. नावाअंती ‘के’ अक्षर असलेले मोठे इंटेल प्रोसेसर बहुधा १२५ वॅटचे असतात, आणि त्यांच्या खोक्यात पंखाही येत नाही. लहान यूपीएसवर चालणाऱ्या शाळेने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

खरेदी दरपत्रके मागवून होते. त्या मागणीपत्रात ‘आय-३ संगणक, एक नग’ असे लिहिले, तर पुरवठादाराने तिसऱ्या पिढीचा आय-३ दिला तरी कागदोपत्री त्याची चूक नाही. यास्तव प्रोसेसरचे नाव संपूर्ण अंकांसह, एफ नसलेला, खोकाबंद आणि तीन वर्षांच्या हमीचा असे स्पष्ट लिहावे. तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर घेतल्यास, बोर्डाचे बायॉस त्याला ओळखेल इतके अद्ययावत करून द्यावे, हेही त्यातच घालावे. यंत्र शाळेत आल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर प्रोसेसरचे नाव उमटते. शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसमक्ष ते पान उघडून मागणीपत्राशी ताडून पाहावे, खोक्यावरील अनुक्रमांक जडसंग्रह नोंदवहीत उतरवावा, आणि मगच देयकावर सही करावी. खोके टाकून देऊ नये; हमीच्या वेळी दुकानदार प्रथम तेच मागतो.