मेंदूविज्ञानाच्या उच्च शिक्षणाची पूर्वतयारी



आपल्या घरातील एम.एस्सी.च्या वर्गातील मुलगी "मला मेंदूविज्ञानात पीएच.डी. करावयाची आहे" असे म्हणाली, की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न पैशाचा असतो. त्याचाच उलगडा आधी करतो. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत या विषयाच्या पीएच.डी.साठी विद्यार्थ्याला शुल्क भरावे लागत नाही. उलट त्यालाच निर्वाहवेतन मिळते. आपल्या देशात 'नेट' परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे.

खरी अडचण आहे ती वेळेची. अमेरिकेतील अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुमारास संपते. परंतु त्या डिसेंबरात जो जागा झाला, तो उशिराच जागा झाला असे समजा. निवड करणारे प्राध्यापक केवळ गुण पाहत नाहीत. या मुलीने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काय केले, फसलेला प्रयोग पुन्हा कसा मांडला, हे त्यांना हवे असते. आणि ते सांगणार कोण? तिने ज्यांच्या हाताखाली काम केले ते शिक्षक. अशी शिफारसपत्रे बहुधा तीन लागतात. "विद्यार्थिनी सुशील व मेहनती आहे" एवढेच लिहिलेले पत्र, त्यावर प्राचार्यांचा शिक्का का असेना, फारसे कामाचे नाही!

म्हणून निदान वर्षभर आधी प्रयोगशाळेत शिरकाव करून घ्यावा. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे हे संशोधन चालते. तेथील संशोधकांचे निबंध वाचावेत आणि एखादी नेमकी शंका विचारून त्यांना पत्र लिहावे. पुष्कळांचे उत्तर येत नाही. त्यात अपमान मानू नये. या वर्षात घरच्यांनीही "नोकरी केव्हा?" हा प्रश्न जरा आवरावा.

यासाठी डॉक्टरच व्हावे लागते असेही नाही. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकूळ या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूतील विद्युत्प्रवाह मोजून तो गणिती समीकरणांत बांधला आणि १९५२ साली प्रसिद्ध केला. त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गणित वा पदार्थविज्ञान शिकलेल्यांनाही येथे वाव आहे.

आता दाखल्याविषयी. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्रीय सवलती लागू आहेत. परंतु केंद्रीय संस्था केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागतात. तो आजच काढून ठेवा; मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात मुलीला तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवावयास लावू नका.